पत्र्याच्या आतल्या बाजूची नोंद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आधी टाइपरायटर आणि नंतर संगणक दुरुस्त करण्यात सारी नोकरी घालवलेला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. रविवारी माझ्याकडे जमणाऱ्या मंडळींपैकी दातांच्या डॉक्टरांनी तसा दाखला देण्याची तयारी दाखवली होती. दंतवैद्याने डोक्याचा दाखला देऊ नये असे मी त्यांना सांगितले, आणि वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनीही तेच सांगितले. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणण्याची कोणाची छाती नाही, हे ओळखीच्या सर्वांना ठाऊक आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडले, कारण त्यात सातवे कलम नव्हते.

कलम एक. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खोक्यांनी भरलेली गॅलरी, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. गॅलरी पाहिली की ती म्हणते, "बाबा, हे भंगार कधी काढणार?" तिला हे भंगार वाटते, कारण तिच्या घरी वस्तू बिघडली की नवी येते आणि जुनी भंगारवाल्यासाठी खाली ठेवली जाते. जेवणाचे म्हणून आणलेल्या टेबलावर माझी उघडी यंत्रे असतात आणि सव्वीस वर्षे तिथे कोणी जेवलेले नाही, हीही तिची तक्रार आहे आणि ती खरी आहे. तिची आई ताट मांडीवर घेऊन जेवली आणि कधी काही बोलली नाही. ते टेबल मुलीने घरी न्यावे आणि त्यावर जेवावे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते तिचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. जावयाला मध्ये घेऊ नये.

कलम तीन. जावयाला माझा एक इंच रुंदीचा, मऊ केसांचा रंगाचा ब्रश मिळावा. त्यांच्याकडे काचेच्या बाजूचा संगणक आहे, आत सात रंगांचे दिवे लागतात, आणि तो त्यांनी गालिच्यावर ठेवला आहे, घरातल्या मांजरीच्या शेजारी. पहिल्यांदा दाखवताना ते म्हणाले, "बाबा, याला आठ पंखे आहेत." मी म्हणालो, "मग आठ ठिकाणी केस अडकतील." ते हसले. वर्षभरात तो संगणक आचके देऊ लागला, तेव्हा त्यांनी आणखी दोन पंखे मागवले. ब्रशने धूळ आतून बाहेर काढावी, आणि काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. एवढे त्यांना जमले तर मी वर राहून समाधान मानीन.

कलम चार. रविवार मंडळाविषयी. एकोणीस वर्षे दर रविवारी सकाळी ही माणसे माझ्या पुढच्या खोलीत बसून अक्कल पाजळत आली आहेत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ज्यांना सगळे गीगाहर्ट्झ म्हणतात. कोणता प्रोसेसर कोणत्यापेक्षा किती टक्के वेगवान, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी आजवर एकही स्क्रू उघडलेला नाही. त्यांचा स्वतःचा संगणक चालू व्हायला चार मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात ते परीक्षणे वाचतात, अर्थात फोनवर. त्यांना माझी जुनी मासिके द्यावीत. दातांच्या डॉक्टरांना भिंगाचा दिवा द्यावा. आत हात घालण्यापूर्वी हात पुसणारे मंडळात ते एकटे आहेत, आणि त्यांचे हातसुद्धा मी तीन वर्षे ओरडल्यावर पुसले जाऊ लागले.

बाकीच्यांना काही देऊ नये. बिघाड कोणताही असो, "फॉरमॅट मारून बघ" एवढाच उपाय ज्यांना माहीत आहे, त्यांना माझ्या घरून चहा भरपूर मिळालेला आहे.

मंडळात माझा नियम एकच होता आणि तो इथे लिहून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज आहे. जो कोणी यंत्र उघडेल, त्याने बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने तारीख, केलेले काम आणि आपल्या टोपणनावाचे पहिले अक्षर लिहायचे. पुढच्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी ती नोंद वाचायची. पेन्सिलच का, असे गीगाहर्ट्झ यांनी विचारले होते. उष्णतेने शाई उडते, शिसे उडत नाही.

कलम पाच. औषधांच्या रिकाम्या डब्यांत मापाप्रमाणे लावलेले स्क्रू माझी पत्नी जिथे काम करी त्या वाचनालयाला द्यावेत. ते एकत्र करणाऱ्याला माझा तळतळाट लागो.

कलम सहा. माझी सर्व हत्यारे, म्हणजे बारा स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे, डाग देण्याची सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि हाताने दाबायचा रबरी फुगा, माझा जुना मित्र, ज्याला मंडळात फुंक्या म्हणत, त्याला मिळावीत. तो दोन गल्ल्या सोडून राहतो आणि बारा वर्षांत माझ्याकडे आलेला नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम सात. फुंक्याची सवय घाणेरडी होती. कनेक्टर असो, पंखा असो, तो तोंडाने फुंकर मारी. फुंकरीबरोबर ओल जाते हे मी त्याला शंभरदा सांगितले, आणि हा रबरी फुगा मी त्याच्यासाठीच आणला होता. तो फुगा घेई, हसे, आणि माझी पाठ वळली की फुंकर मारी. तरीही मंडळात ज्याचे हात बरे म्हणावेत असा तो एकटाच होता. हे मी त्याला कधी सांगितले नाही.

माझी पत्नी ज्या वाचनालयात काम करी, तिथला संगणक आम्ही दोघे सांभाळत होतो. बारा वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, मी त्याचा कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा, बदलला. दोन दिवसांनी, शनिवारी, फुंक्या धूळ काढायला गेला, आणि त्याने फुंकर मारताना माझ्या पत्नीने पाहिले. सोमवारपासून तो संगणक चालता चालता बंद पडू लागला. पत्नी पुस्तकांची यादी त्यात भरत असे. तीही अर्ध्यात तुटू लागली, आणि शेवटी उघडेनाशी झाली. नंतर तो सुरूच होईना. तिच्याकडे असलेली प्रत सहा महिने जुनी होती. दोन हजार सातशे पुस्तके तिने पुन्हा भरली, सारा उन्हाळा, एका बोटाने.

मी वाचनालयात गेलो, खुर्चीवर बसलो, बटण दाबून पाहिले आणि मदरबोर्ड गेल्याचे जाहीर केले. पत्नी म्हणाली, "अहो, उघडून तर पाहा." मी म्हणालो, "त्यात काय पाहायचं? फुंक्याची थुंकी गेलीय आत." नवा संगणक आला आणि जुना माळ्यावर गेला.

पुढच्या रविवारी मी सर्वांसमोर फुंक्याला वाटेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "अरे, पत्रा उघडून बघ एकदा. लिहिलंय मी." मी म्हणालो, "तुझं अक्षर बघायला उघडू?" सगळे हसले. गीगाहर्ट्झ सर्वांत जास्त हसले. फुंक्याने चहाचा कप अर्धा भरलेलाच खाली ठेवला, चपला घातल्या आणि तो गेला. मला वाटले, येईल चार दिवसांनी.

गेल्या वर्षी वाचनालयाचा माळा रिकामा केला आणि त्या जुन्या संगणकाचे खोके माझ्याकडे आले. पत्नी जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. सुटे भाग काढावेत म्हणून मी पत्रा उघडला. आत शेवटच्या दोन नोंदी होत्या. पहिली अशी: "गुरुवार. कूलर नवा बसवला. पेस्ट नवी. सर्व उत्तम. मा." मा म्हणजे मास्तर, म्हणजे मी. तिच्याखाली दुसरी: "शनिवार. धूळ काढली. फार तापतोय. कूलर काढून पाहावा. मास्तरांनी बसवलाय म्हणून हात लावला नाही. फुं."

मी कूलर काढला. नव्या कूलरच्या बुडाला एक पारदर्शक कागद चिकटवलेला असतो, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेले असते की हा काढून मग बसवा. तो कागद तिथेच होता, करपून तपकिरी झालेला, आणि त्याच्यावर उष्णता वाहून नेण्यासाठी मी लावलेली पेस्ट. यंत्राची उष्णता बाहेर जायची वाट मी स्वतः बंद केली होती. फुंकरीचा काही संबंध नव्हता. ज्या चुकीसाठी मी जावयाला जन्मभर नावे ठेवली असती, ती चूक मी केली होती, आणि वर "सर्व उत्तम" असे लिहून सही ठोकली होती.

मला लाज वाटली. आजही वाटते. तो पत्रा मी आठ महिने कपाटामागे उभा करून ठेवला. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. एकदा आतून फुंकर मारल्याचा आवाज आला, कोणाचा तरी मिक्सर उघडला असावा. मी परत फिरलो.

फुंक्याचा दोष नव्हता. दोष माझा होता, आणि नियम करून तो न पाळणाराही मीच. मंडळातल्या इतरांना मी मूर्ख म्हणत आलो आणि ते आहेतच, पण आपल्या मूर्खपणापायी त्यांच्यापैकी एकाचाही मित्र तुटलेला नाही.

कलम आठ. मी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलीने मंडळासमोर कलम सात मोठ्याने वाचावे. गीगाहर्ट्झ यांनी मध्ये बोलू नये.

सहीच्या दिवशी केलेली दुरुस्ती. आज मंडळ जमलेले असतानाच साक्षीदार म्हणून मी फुंक्याला आणि डॉक्टरांना बोलावले. फुंक्याकडे निरोप डॉक्टरांनी नेला. मला वाटले नव्हते, पण तो आला. बारा वर्षांपूर्वी जिथे तो चपला काढी, तिथेच त्याने त्या काढल्या. वकीलबाईंनी कागद चाळला आणि म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये हो, पुढे वाद निघतो. यांना हत्यारं द्यायची तर सही दुसऱ्याची घ्या."

मी फुंक्याला म्हणालो, "तू हत्यारं घे. सही गीगाहर्ट्झ करतील, त्यांची मासिकं गेली तरी चालेल."

त्याने आधी कलम सात वाचले. सावकाश वाचले, मग पुन्हा वाचले. मग म्हणाला, "पत्रा कुठाय?" मी कपाटामागून काढून दिला. त्याने तो खिडकीशी नेला, स्वतःची नोंद पाहिली आणि म्हणाला, "बघ, अक्षर काही एवढं वाईट नाही."

मी म्हणालो, "नाही."

"वहिनींना माहीत होतं?"

मी म्हणालो, "तिला संशय होता. उघडून पाहा म्हणाली होती."

त्याने पत्रा टेबलाला टेकवून उभा केला. मग वकीलबाईंना म्हणाला, "आणा ते पेन. हत्यारं राहू देत. याने चूक कबूल केली याला साक्षीदार लागेल, नाहीतर कोण विश्वास ठेवणार? माझ्या जागी दुसऱ्याची सही नको."

तेव्हा कलम सहा मी याद्वारे रद्द करतो. हत्यारे दातांच्या डॉक्टरांना द्यावीत, असे मी म्हणालो, पण तेही साक्षीदार निघाले, आणि त्याच कारणाने त्यांचा भिंगाचा दिवाही गेला. तेव्हा दिवा आणि हत्यारे दोन्ही जावयाला जावीत. माझ्यावर काय वेळ आली आहे हे वाचणाऱ्याने पाहावे.

कलम आठही रद्द. कलम सात आज, सर्वांसमोर, मी स्वतः वाचले. गीगाहर्ट्झ मध्ये बोलले.

साक्षीदाराला पत्राही मृत्युपत्रातून देता येत नाही, म्हणून तो मी फुंक्याला जिवंतपणी हाताने दिला. नेण्यापूर्वी त्याने माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि आपल्या नोंदीखाली तिसरी लिहिली: "रविवार. मास्तरांनी उघडून पाहिले. फुं." मग पेन्सिलीचा भुसा उडवायला त्याने पत्र्यावर फुंकर मारली. रबरी फुगा माझ्या हाताशी होता, तो मी तिथेच राहू दिला.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: रविवार, १४ जून २०२६

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: मास्तर

साक्षीदार पहिला: फुंक्या (सर्व मजकूर वाचला. कलम सात दोनदा. खरे आहे.)

साक्षीदार दुसरा: दातांचे डॉक्टर (हात पुसून सही केली.)