माम्पोंगच्या उतारानंतर ट्रक कोणाचा

५ मार्चला माम्पोंगच्या उतारावर माझ्या ट्रकचे ब्रेक गेले. ट्रकवरचा मदतनीस यॉ ओपोकू याने चाकाखाली लाकडी पाचर सरकवायला मागच्या फळीवरून उडी मारली आणि त्याचा पाय चिरडला. ट्रक चालवणारा माझा भाचा क्वाकू अंतो घरी येऊन म्हणाला, "मावशी, पाचर होती म्हणून वाचलो की!" हे मृत्युपत्र लिहायला एवढे कारण पुरे आहे.

मी, फेलिसिया अबेना द्वोमोह, वय ७१, राहणार सुआमे, कुमासी, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाने नव्हे तर संतापाने, लिहून ठेवते की:

१. माझा जुना बेडफर्ड ट्रक बहिणीच्या मुलाला जाणार नाही. मालमत्ता बहिणीच्या मुलालाच जाते, या कुळाच्या रिवाजाचा दाखला कोणी देऊ नये. सतरा वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून मी तो घेतला आहे. कुळाने त्याचा एक टायरही घेतला नाही. ब्रेकच्या टाकीतले तेल उतरले तेव्हा क्वाकूने तीत इंजिनाचे तेल ओतले. विचारले तर म्हणतो, "तेल ते तेल!" त्या तेलाने ब्रेकमधले रबर फुगते आणि पेडल दाबूनही दाब धरत नाही. त्याच्या लग्नाआधीपासून मी हे सांगते आहे.

२. ट्रक अकोसुआ डोंकोरचा. वीस वर्षे ती माझ्या गॅरेजात ब्रेकचेच काम करते. सगळे रबर नवे घातल्याशिवाय आणि नळ्या धुतल्याशिवाय ट्रक हलवू नये. काम सपाट जागी, चाकांना अडण लावून करावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. ड्रममधली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकीने पेडल दाबून धरावे, दुसरीने हवा सोडायचा नट सैल करावा, आणि तो पुन्हा आवळल्यावरच पाय उचलावा. निघालेले तेल परत ओतू नये. अकोसुआ म्हणाली, "मॅडम, हे मला येतं." येते. तरी लेखी असू दे.

३. घर बहिणीचे, रस्त्याकडची खोली मात्र ओपोकूची, हयातभर. बँकेतली ठेव आधी त्याच्या पायासाठी.

४. आमच्या कुळातले वडीलधारे नाना अंपोन्सा १९८९ साली भर पेठेत म्हणाले होते, "बाईनं तपासलेल्या ब्रेकवर मी बसणार नाही." माझ्या अंत्यविधीला त्यांनी चालत यावे.

५. क्वाकूला माझा एकही पाना नाही. त्याने अकोसुआच्या हाताखाली सहा महिने काम करावे. तिने तसे लिहून दिले, तरच त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावावा.

साक्षीदार: रेव्हरंड इमॅन्युएल आद्दाई (सही)
जॉयस टाकीवा, परिचारिका (सही)
फेलिसिया अबेना द्वोमोह (सही)
सुआमे, कुमासी, १४ मार्च २०१९

आज दिले-घेतले त्याची नोंद:
अकोसुआस: ट्रकची कागदपत्रे, किल्ली, पान्यांचा संच, ब्रेक ऑइलचे चार सीलबंद डबे.
क्वाकूकडून: ट्रकची दुसरी किल्ली. ती नाहीच, असे तो नऊ दिवस सांगत होता. "उद्या यामचे कंद बाजारात कोण नेणार, मावशी?" त्याने विचारले. मी म्हणाले, "याम थांबतील." तो मग किल्ली मला न देता आत गेला आणि अंथरुणावरच्या ओपोकूच्या हातात ठेवली. पोचपावतीवर सही ओपोकूची.