उपटून पाहिलेलं लाकूड

प्रिय दादा,

पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे. मला शाळेत जाता यावं म्हणून तू चौथीतच शाळा सोडलीस आणि तेव्हापासून अक्षरं जुळवत वाचतोस. तरी वहिनीला वाचायला देऊ नकोस. वेळ लागला तर लागू दे, तूच वाच.

आधी माझा गाढवपणा सांगते. माझ्या नोकरीच्या बागेत मुलांना बघायला छोटी आगगाडी होते आहे, इंजिन जेमतेम माझ्या चपलेएवढं. रूळ मात्र खरोखर उघड्यावर, लाकडी खांबांवरून आणि पुलांवरून जाणार, उन्हापावसात वर्षानुवर्षं. लाकूड कुठलं घ्यायचं, हे साहेबांनी माझ्यावर सोपवलं. पदवीवाली मी ना! गेल्या वर्षी तुला विचारलं तेव्हा तू वखारीतून तीन तुकडे पाठवलेस: साग, निलगिरी आणि चीड, म्हणजे पाइन. म्हणालास, ओल्या जागी अर्धे पुरून ठेव आणि वर्षभर विसरून जा, काय ते लाकूडच सांगेल.

पुरले. विसरणं काही जमलं नाही. दर रविवारी उपटायचे, पुसायचे, वजन करायचे, वहीत लिहून परत पुरायचे. पाऊस जास्त झाला तर काळजीने दोन दिवस कपाटावर वाळतसुद्धा ठेवायचे. वर्षाअखेर तिन्ही तुकडे ठणठणीत. चीडही! मी लगेच अहवाल दिला, की स्वस्तातलं चीड पुरेसं आहे. साहेब खूश.

परवा माळीकाकांनी माझी वही पाहिली आणि पोट धरून हसले. म्हणाले, "अहो बाई, रोज उपटलेलं रोप रुजत नाही, तसं रोज उपटलेलं लाकूड कुजत नाही!" मग टोमॅटोच्या वाफ्याकडे घेऊन गेले. तिथे आधाराला त्यांनी, मी तुकडे पुरले त्याच महिन्यात, चिडाची काठी रोवली होती. मी धरून ओढली, तर बूड मातीतच राहिलं.

ऑर्डर दुसऱ्या दिवशी जायची होती. तशीच साहेबांकडे गेले आणि अहवाल चुकल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, मग बरोबर काय? मला माहीत नाही, मी म्हणाले. सागसुद्धा नुसत्या नावावर घेऊन चालत नाही. बाहेरची पांढुरकी कड लवकर सडते, आतला गाभा टिकतो, आणि नख लावून, वास घेऊन तो ओळखणारा माणूस मी एकच पाहिला आहे. तो माझा सख्खा भाऊ आहे, हेही लगेच सांगून टाकलं, मागाहून कुणी बोट दाखवायला नको. साहेब म्हणाले, "भाऊ म्हणून बोलावू नका. जाणकार म्हणून बोलवा."

दादा, करवतीत उजव्या हाताची बोटं गेली त्याला पाच महिने झाले. वहिनी सांगते, जखम भरली, पण हे उंबरा ओलांडत नाहीत. माझा फोन तू "बरा आहे" एवढं म्हणून ठेवतोस. धीराचं काही बोलले तर "झालं पुस्तक सुरू" म्हणशील, या भीतीने मी गप्पच राहिले. ते माझं चुकलं. तुला करवत पूर्वीसारखी धरता येणार नाही, हे खोटं कशाला म्हणू? पण करवत धरणारे आम्हाला पुष्कळ मिळतील.

सोमवारी निवडीसाठी निरनिराळं लाकूड बागेच्या दारात येऊन पडेल. कुठलं ठेवायचं आणि कुठलं परत धाडायचं, ते तू सांगायचंस. मी शेजारी बसून लिहून घेईन, मध्ये बोलणार नाही. निदान प्रयत्न करीन. नवा अहवाल टाइप करून ठेवला आहे. लाकडाचं नाव तेवढं कोरं आहे, आणि खाली सहीची जागा. तिथे सही माझी नाही, निवडणाऱ्याची हवी. डाव्या हाताने केलेली चालते का, हे मी साहेबांना दोनदा विचारून घेतलं. चालते. म्हणून हे पत्र. ये.

तुझीच,
धाकटी