एन्नोरच्या सौंदर्याचे वर्णन करा

प्रिय आई,

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती हं हं करते, म्हणून हे पत्र. शुद्धलेखनाच्या चुकांवर तू लाल खुणा करणारच. कर. पुण्यात तुला तेवढाच विरंगुळा.

इथे सगळं नेहमीसारखंच. ऊन असं की वेलचेरीच्या घरून तांबरमला पोचेपर्यंत कॉलेजात शिकवण्याइतका जीवच उरत नाही. त्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपायच्या आत प्राचार्यांनी पाठ्यपुस्तक निवडीची समिती माझ्या गळ्यात घातली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पहिल्या वर्षाच्या इंग्रजी वाचन आणि निबंधलेखनाला तुझंच पुस्तक ठेवायचं की नवं घ्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. मी म्हटलं, माझ्या आईचं पुस्तक आहे, मला यात ओढू नका. ते म्हणाले, तुमच्याइतकं ते पुस्तक दुसऱ्या कुणाला पाठ आहे?

मग प्रकाशकांची माणसं नमुन्याच्या प्रती घेऊन आली. एक पुस्तक परदेशी, उशाला घ्यावं एवढं जाड, आणि पहिलाच निबंध दारातला बर्फ उपसण्यावर. तुझ्या जागी आलेल्या वसंता मॅडम म्हणाल्या, या पुस्तकात कुणाला घामच येत नाही, आपल्या मुलांनी काय वाचायचं? दुसऱ्यात पानोपानी चौकटी, प्रत्येक चौकटीत ‘विचार करा’, आणि काय विचार करायचा ते शेवटच्या पानांवर छापलेलं. तिसरं बारीकसं, कागद सुमार, उतारे बरे, प्रश्न मोजकेच. निम्मी पानं मुलांनी लिहायला कोरी सोडलेली. तेही काही मनात भरलं नाही. खरं सांगते आई, तुझंच ठेवून मोकळं व्हावं असं वाटत होतं. तुला आनंद, मला झोप.

पण वाणीचं सांगायलाच हवं. ती एन्नोरची, वडील मासेमारीला जातात. पहाटेची लोकल धरून, गाडी बदलून तांबरमला येते. तुझ्या एन्नोरच्या धड्यावर तिनं परीक्षेत अप्रतिम निबंध लिहिला. निळं पाणी, सुरूची बनं, वाळूत उमटलेली दोघांची पावलं, सगळं तुझंच. उत्तरसूचीप्रमाणे पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले. नंतर मी तिला विचारलं, तुझं घर तिथेच ना, तुला असं दिसतं का? ती हसली. म्हणाली, नाही मॅडम, आमच्या दोरीवरचे कपडे वीजकेंद्राच्या राखेनं काळे होतात, अप्पांच्या जाळ्याला तेल लागतं. पण परीक्षेत हेच लिहायचं असतं ना? चिडलेली नव्हती गं ती, अगदी सहज म्हणाली. तेव्हापासून मला कसली तरी मरगळ आली आहे.

तो धडा तू का लिहिलास ते मला ठाऊक आहे. गडहिंग्लजची तू, समुद्र कधी न पाहिलेली. लग्नानंतर आपल्या अप्पांनी तुला पहिल्यांदा तो एन्नोरला दाखवला. धड्यात त्यांचं नाव नाही, नुसता ‘सोबती’ आहे, आणि इतकी वर्षं मुलं त्या सोबत्याबद्दल चार ओळी लिहून गुण मिळवत आली. मला ते वाचताना अजून भरून येतं. पण तेव्हाही तिथे एखादं धुराडं असणारच, आई. तू समुद्राकडे बघत होतीस, आणि अप्पा तुझ्याकडे. नव्या नवरीनं धुराडं कशाला बघावं? चूक तुझी नाहीच. फक्त त्याखाली ‘एन्नोरच्या सौंदर्याचे वर्णन करा’ असा प्रश्न आला आणि बाजारात त्याचं गाइड आलं, तिथे सगळं बिनसलं. जेवताना पेपरातली बातमी वाचून, हे कोण सांगतंय, त्यानं ते पाहिलंय का, असं विचारून माझा आणि सिद्धार्थचा घास अडवणारी तू. तुझ्याच पुस्तकात तो प्रश्न नाही.

परवा तुझा फोन आला. प्राचार्यांनी स्वतः बोलावलंय, शाल देणार आहेत, सिद्धार्थनं तिकीट काढलं, नव्या आवृत्तीची प्रस्तावनाही लिहून झाली, असं तू एका दमात सांगितलंस. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आई, नवी आवृत्ती निघणार नाही. समितीनं ते बारीकसं पुस्तक घेतलं. मतं सारखी पडली होती. वसंता मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, सरी मा, विडु, जाऊ दे, आईचं राहू दे. तरी मी हात वर केला, तुझ्या पुस्तकाच्या विरुद्ध. ती शाल निरोपाची आहे, आणि हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. प्राचार्यांना तुला सांगायचा धीर झाला नाही, मलाही फोनवर झाला नाही. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर मी सेंट्रल स्टेशनवर घ्यायला येईन, आणि रागवायचं असेल तर घरी पोचेपर्यंतही थांबू नकोस. पण भरल्या सभागृहात तू प्रस्तावनेचे कागद पर्समधून काढावेस आणि सगळ्यांनी माना खाली घालाव्यात, हे मला बघवलं नसतं.

तुझीच,
सहाना