शेंदराखालचा दगड

दादा, तुमची लेक असूनही त्या दगडाबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. तुम्ही विषय काढलात की मी उठून आत जायची. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, तरी आज लिहायला बसले आणि कान तापले.

सेनगावच्या बाजूच्या खेड्यांतून तुम्ही टपाल वाटायचात, आणि रविवारी त्याच सायकलवर मला जुने दगड दाखवायला न्यायचात. कॅरिअरवर पोत्याची घडी, त्यावर मी. कुठं मारुतीच्या पारामागं, कुठं पडक्या हेमाडपंती देवळाच्या पायरीशी वीरगळ उभा असायचा. तुम्ही रुमालानं त्याची माती पुसायचात आणि बोट खालून वर न्यायचात. "ह्या बघ गाई. ह्या सोडवायला गेला. हितं लढला, हितं पडला. आन् हा वर महादेवापुढं बसला." मग हमखास म्हणायचात, "पर आपला ह्याच्यापरीस थोर व्हता." आपला म्हणजे आपल्या शेताच्या बांधावरचा. छातीएवढा उंच, आणि शेंदूर इतका चढलेला की आत काय कोरलंय ते कुणीच पाहिलं नव्हतं. हा आपला मूळपुरुष, गावाची गुरं सोडवताना पडला, असं तुम्हाला आजोबांनी सांगितलं होतं, आणि तुम्ही ते टपालाबरोबर गावोगाव पोचवलंत. नरसीला दर्शनाला जाणारे लोक वाट वाकडी करून त्याच्या पाया पडायचे.

नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाई दगड तपासायला तुमच्याच आग्रहावरून आल्या. तुम्ही इस्त्रीचा खाकी सदरा घातला होता. अर्धं गाव बांधावर जमलं होतं. शेंदराचं कवच एका बाजूनं सुटलेलंच होतं. काढू का, असं बाईंनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "मीच काढतो, माझा मान हाय." तुम्ही दोन्ही हातांनी ओढलंत आणि ते सालीसारखं निघालं. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरं. त्याखाली एक बाई कोरलेली होती, आणि तिच्यावर गाढव.

मग मागून आवाज आला, "काहो पोस्टमन, ह्यातला तुमचा मूळपुरुष कोणता?" आणि हशा पिकला. बायकांनी पदर तोंडावर घेतले. आईनं माझं मनगट धरून मला मागं ओढलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही गधेगाळ आहे. दान दिलेल्या जमिनीला जो हात लावील, त्याच्या घरादाराला दगडावर कोरलेली शिवी." तुम्ही विचारलंत, "म्हंजे वीर न्हाईच?" त्या नाही म्हणाल्या. हातातलं शेंदराचं कवच कुठं ठेवावं हे तुम्हाला कळत नव्हतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "च्या घेऊन जावा." आई चुलीपाशी जाईना, म्हणून चहा तुम्हीच केलात.

शाळेत मी वर्गात शिरले की पोरं गाढवासारखी ओरडायची. आई तुम्हाला म्हणाली, "बुजवून टाका ते." तुम्ही म्हणालात, "काहून? दगडानं काय केलं? खोटं मी बोललो." पुढच्या रविवारी तुम्ही सायकल काढलीत. "चल माय," म्हणालात, आणि मला वाटलं वीरगळ बघायला निघालो. तुम्ही मात्र जिथं जिथं ती कथा सांगितली होतीत, तिथं तिथं उतरलात. हॉटेलाच्या बाकड्यापुढं, पारावर, लोकांत उभं राहून सांगितलंत, "मी सांगत व्हतो ते खोटं निघालं. तो वीर न्हाई, शिवी हाय." मी सायकलचं हँडल धरून उभी, मान खाली. एका म्हातारीनं विचारलं, "मंग आमी पाया पडलो त्याचं काय रं?" "तुमचा नमस्कार बराबर व्हता, आजी. माझं सांगणं चुकलं." परत येताना तुम्ही शीळ घालत होतात. इतका हलका झालेला माणूस आपला बाप आहे, याचीच मला तेव्हा लाज वाटत होती.

मला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही तुम्ही सोडलं नाहीत. सासऱ्यांनी सहज विचारलं, "बांधावरचा दगड कशाचा?" तुम्ही गाढवासकट सगळं सांगितलंत. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दाराआड थिजले होते. लग्न मोडलं असंच मी धरून चालले. मग बाहेर सासरे हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, "व्याही, आमच्या भावकीतबी कोणी विचारलं तर असंच सांगा. नंतर कळण्यापरीस बरं." त्या घरात मला कधी काही लपवावं लागलं नाही. ते तुमच्यामुळं, हे मला कळत होतं, पण तुम्हाला सांगितलं नाही.

दगड अजून तिथंच आहे. नांदेडहून, औंढ्याहून लोक बघायला येतात, वाकून फोटो घेतात. मागच्या दिवाळीत मी लेकीला घेऊन गेले होते. मधली अक्षरं तिला दाखवली. तिनं विचारलं, "खाली काय आहे?" खालच्या अंगाला गवत माजलं होतं, गाढव त्यात झाकलं गेलं होतं. ते बाजूला सारायला फक्त वाकावं लागलं असतं. दादा, गवत आहे हे बघून मला बरं वाटलं. ऊन फार झालंय, असं म्हणून मी तिला घरी घेऊन आले.