न पोचलेली हरकत

६ जुलै
पुण्याहून आमच्या गटातल्या निखिलची मेल. आपली मेलिंग लिस्ट, एक मेल टाकली की सगळ्यांना जाते ती, बंद करून वेबसाइटवर फोरम काढायचा म्हणतो. नवी पोरं मेलवर येत नाहीत, म्हणून. मराठी शुद्धलेखन तपासायचं आमचं फुकटचं सॉफ्टवेअर, त्यावर राबणारी पंधरावीस डोकी, आणि आजवरचं सगळं बोलणं मेलवरच. आठवड्यात हरकत आली नाही तर संमती धरणार. नियम माझाच, भांडणं टळावीत म्हणून घातलेला.

७ जुलै
हरकत लिहिली, चांगली लांबलचक. पाठवायचं बटण दाबलंय, रेंज आली की जाईल. आमच्या कुरवंडे गावात मेलचं हेच बरं. एकदा उतरवून घेतली की घरी निवांत वाचा, लिहा. फोरमला सतत नेट पाहिजे. कंपनी सुटल्यापासून मला हे एकच काम उरलंय. तेही गेलं तर दिवसभर काय, समोरच्या नागफणीच्या कड्याकडं बघत बसू?

१० जुलै
वारा, पाऊस. विजेचा खांब आडवा. टॉवरही बंद. मेल त्याआधी गेली असणार.

१५ जुलै
वीज आली. हरकत लॅपटॉपातच पडून. निखिलची मेल मात्र उतरली: 'एकही हरकत नाही. दादाही गप्प आहेत म्हणजे त्यांना पटलंय, म्हणून बाकीच्यांनीही ताणलं नाही.' दादा म्हणजे मी.
ताट तसंच सारलं. विमल म्हणाली, "धा-वीस मान्सं, तीबी कदी न बगितल्याली. त्यांच्यापायी जेवान का सोडता?" बायकोच ती, ताट झाकून ठेवलं.

१६ जुलै
शाळेजवळच्या चढावर, रेंज धरते तिथं जाऊन निखिलला फोन. "अहो दादा, आधी कळलं असतं तर थांबलो असतो. आता सगळं हलवून झालं." वाईट वाटलं त्याला, खरंच. टॉवर बंद होता म्हटलं, तर म्हणे, "लोणावळ्यात घर घ्या आता." हसला. मला नाही हसू आलं.

२० जुलै
लोणावळ्यात मेव्हण्याच्या दुकानात बसून फोरमवर नाव घातलं. 'नवीन सदस्य, आपलं स्वागत.' बरं. कुणीतरी जोडाक्षरांबद्दल विचारलेलं. तो भाग मीच लिहिलाय, म्हणून उत्तर टाकलं. 'तपासणीनंतर दिसेल.' माझं उत्तर तपासणार कोण? लय राग आला. मेव्हणा चहा सांगत होता, न घेताच निघालो.

२४ जुलै
लिस्ट काल बंद झाली. आज शोभाताईंची मेल, फक्त मला. गडचिरोलीकडच्या. नवे शब्द गोळा करून पाठवायचं काम त्यांचं, प्रत्यक्ष भेट कधी नाही. 'दादा, फोरम इथे उघडतच नाही. तुम्ही मेलवाली लिस्ट वेगळी चालवा ना. आम्ही चौघंजण येतो.'
म्हणजे वेगळी चूल. एवढंसं काम, त्याचे दोन तुकडे. नाही म्हणावं तर ही चौघं सुटली, आणि खरं तर मीही.
विमलला वाचून दाखवलं. "मांडा की. भिता कुनाला?"
निखिलला दुखवायला. पोरगं वाईट नाही, हीच पंचाईत आहे. ताईंना काय लिहायचं ते सुचत नाही.