चिमीचा ठिपका

सोमवार, ५ जानेवारी

विसरलास ना? परवा एवढं बोलले तुझ्याशी, आणि आज संतोष म्हणतो, "आई, यात काहीच नाही." माझ्याहून म्हातारा निघालास रे मोबाइला! मला अक्षर येत नाही, तुला आठवत नाही — जोडी जमली. तू काय लिहितोस ते मला वाचता येणार नाही, म्हणून तुझ्यावरही थोडा संशय आहेच.

तर ऐक. आज चिमीला घेऊन पंचवटीत डॉक्टरणीकडे गेलो. चिमी म्हणजे संतोषची लेक, नऊ महिन्यांची. फळीवर आडवी निजवली, गुडघे दाबून पाय सरळ केले, मोजलं. मग डॉक्टरणीनं कागदावर ठिपका दिला आणि म्हणाली, "सहाव्या महिन्यात पन्नासच्या रेघेवर होती. आता पंधरावर आलीये. महिन्यानं परत आणा."

गाडीत संतोष म्हणाला, "पस्तीसला पास असतं ना?" सूनबाई — तेजस्विनी — सायखेडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मंगळवार, ६ जानेवारी

तेजस्विनीनं समजावलं. मार्क नाहीत ते, पर्सेंटाइल म्हणतात. एका वयाच्या शंभर पोरी उंचीनं रांगेत लावल्या, सगळ्यात बुटकी पुढे, तर आपली पंधरावी. पंधरावी असली तरी चालतं, कोणीतरी असणारच. पण पोरीनं आपली रेघ धरून वर जायला हवं. रेघ सोडून खाली घसरली की विचारायचं — का?

ते "का" म्हणताना तिनं तो कागद परत उघडला.

आणि त्या शंभर पोरी कुठल्या? कोणी पाहिल्या? सायखेड्यातल्या नक्कीच नाहीत. असत्या तर मला माहीत असत्या!

शनिवार, १० जानेवारी

तेजस्विनीवर नजर ठेवलीये. ताटावर बसते, दोन घास खाते, चिमी कुरकुरली की उठते. ताट तसंच. चांगले डिंकाचे लाडू करून दिले, तर डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. माझ्या हातचं आवडत नसेल तर सरळ सांगावं ना!

आणि अंगठीला दोरा गुंडाळलाय. आपला झेंडूच्या हाराचा असतो, तोच. विचारलं तर — "काही नाही, आई." काही नाही कसं? कुठल्या तरी बाबाकडे जाऊन आली असणार. गंडाच तो.

मंगळवार, १३ जानेवारी

घरी कोणी नव्हतं. हाराच्या दोऱ्यानं चिमीला मोजली. लेकराला मोजू नये म्हणतात, म्हणून लगेच मीठ-मोहरी उतरवून टाकली. परत मोजली तर बोटभर कमी! ही पाय आखडते, मान वळवते, दोरा तोंडात घालते. मग दवाखान्यातल्या त्या फळीचं तरी काय खरं?

रविवार, १८ जानेवारी

चिमीचं बोरन्हाण झालं. सातव्या महिन्यात जावळ काढलं, तेव्हापासून डोकं नुसतं गुळगुळीत. हलव्याचा मुकुट टिकेना, सारखा नाकावर! पोरांनी बोरं-चुरमुरे लुटले.

विहीण लताबाई दिंडोरीहून आल्या होत्या. सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "विहीणबाई, लेकराची वाढ खुंटली म्हणं. राहू द्या आमच्याकडं दोन वर्सं. द्राक्षाचा मळा हाय, काय कमी नाय."

मी म्हटलं, "द्राक्षांनी उंची वाढली असती, तर लताबाई, तुमचं डोकं छताला लागलं असतं."

बाया लय हसल्या. तेजस्विनी नाही हसली. आणि संतोष काय म्हणाला? "डॉक्टरांनी परत खालीच सांगितलं तर बघू, न्या." बघू म्हणे! चिमी गेली तर या घरात मी बोलू कोणाशी — तुझ्याशी?

सोमवार, २ फेब्रुवारी

उद्या दवाखाना.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गेल्या गेल्या मी म्हटलं, "बाई, आधी तुमची फळी तपासा." डॉक्टरीण हसली, पण दोनदा मोजली. परत पंधराचीच रेघ. तेजस्विनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, रडता काय? महिनाभरात रेघ सोडली नाही तिनं. मला तर आता सहाव्या महिन्याच्या मापाचीच शंका येतेय."

घ्या! मी एकटीच संशयी नाही.

तेजस्विनीनं त्या मापाच्या वेळचा फोटो काढलेला. मोबाइलवर मोठा करून पाहिला. चिमी फळीवर निजलेली, डोक्यावर जावळाची शेंडी, लाल रबर लावून अशी ताठ उभी! आणि फळीची वरची पाटी टेकली होती शेंडीला. डोक्याला नाहीच. तेवढी फुकटची उंची — ती जावळाबरोबर गेली.

"तो ठिपका धरूच नका," डॉक्टरीण म्हणाली. "पोरगी आपल्या वाटेनं चाललीये. घरात उंच कोणी आहे का?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं!

शेंडी कोणी बांधली होती, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तेजस्विनी चिमीला घेऊन चार दिवस माहेरी गेली. आपणहून म्हणाली, जाते. मला लगेच शंका — आता कशाला? तर निघताना पाया पडायला वाकली आणि अंगठी घरंगळत माझ्या पावलावर आली. दोरा सुटला होता. गंडा नव्हता तो. बोटच उरलं नाही अंगठीत बसायला. दंडाला धरून उठवली, तर हाताला नुसतं हाड लागलं.

मोबाइला, हे विसरलास तर बघ! संतोष उद्या दिंडोरीला जाणार. त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू द्यायचे, ताजे, तूप जास्त घालून. चिमीसाठी नाहीत, तेजस्विनीसाठी. आणि लताबाईंना निरोप — झाकण त्यांनी आपल्या हातानं उघडायचं, आणि पोरगी खाईपर्यंत तिच्यासमोरून उठायचं नाही.