घराचं तिसरं चित्र

प्रिय गुंजा,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. सुरतच्या घरात लावायला आपल्या घराचं चित्र काढून दे म्हणालीस. पंधरा दिवस मान मोडून एकेक रेघ ओढली, पाठवलं. तुझं उत्तर काय, तर "दीदी, तो हातपंप कशाला? तिथं आंबा हवा ना!" अगं, आंबा पुरात उन्मळून तीन वर्षं झाली. तरी मीच मूर्ख, आंब्यासकट दुसरं काढलं. मग म्हणे अंगण लहान वाटतं, माय फार म्हातारी दिसते, बाबूजी चिडलेले वाटतात. ते चिडलेलेच असतात, बाई! ज्या माणसाला सात वर्षं घरात कुणी तुझं नाव घेतलेलं चालत नाही, त्याला मी हसरा कुठून काढू? जातीबाहेर लग्न तू केलंस. तुझी बाजू घेतली म्हणून टोमणे मी खाते. आणि तू मला आंब्याची पानं मोजायला लावतेस!

शेवटी वैतागून तिसरं काढलं, जसं आहे तसं. हातपंप, झोळ पडलेली खाट, चष्म्याला दोरा बांधून मखाने निवडणारी माय, दाराकडे पाठ करून बसलेले बाबूजी. म्हटलं, घ्या, हे तुमचं घर.

परवा तळ्यावरून कपडे धुऊन आले, तर माझा चित्राचा टाक मायच्या हातात! हात थरथरायला लागल्यापासून तिनं रेघ ओढली नव्हती. मी ओरडलेच, "माय, अगं वाया घालवलंस ना सगळं!" चित्रातल्या दाराबाहेर तिनं एक बाई काढली होती. साडीभर माशांची नक्षी, कडेवर मूल. रेघा वेड्यावाकड्या, पण उभं राहण्याची ढब तुझीच. मी कपाळाला हात लावला.

मागे बाबूजी कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. त्यांनी चित्र उचललं, उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. मग मायवर खेकसले, "सहा वर्षांची पोर कडेवर असते का? चालते ती आता."

गुंजा, तुझ्या इशाचं वय त्यांना मी कधीच सांगितलेलं नाही.

मायही काही कमी नाही. म्हणाली, "मी कुठं पाहिलीय तिला? आणा, बघून काढते." त्यांनी चित्र खाली ठेवलं. गमछा खांद्यावर टाकून बाहेर गेले. पण नाही म्हणाले नाहीत. रात्री जेवतानाही नाही म्हणाले नाहीत, आणि आज सकाळी खाटेची दोरी आवळत बसले होते.

म्हणून हे पत्र. तिसरं चित्र मी पाठवणार नाही, कितीही फोन कर. छठपूजेच्या आधी इशाला आणि जावईबापूंना घेऊन ये. आणि कृपा करून, एवढ्या एका गोष्टीत तरी दुरुस्ती सुचवू नकोस.

तुझ्यापुढे हात टेकलेली, तुझीच
विभादीदी